केबल बंद करायची आहे? आधी पंधरा दिवस वही ठेवा

वाईहून एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं आहे. थोडक्यात असं: "केबलचं बिल महिन्याला ४८० रुपये येतं. मुलगा घरून काम करतो म्हणून गेल्या वर्षी फायबरचं इंटरनेट घेतलं, त्याचे पैसे वेगळे. मुलगी न्यू जर्सीत असते. तिने खिडकीला कागदासारखा पातळ अँटेना चिकटवलाय आणि त्यावर तिला फुकट टीव्ही दिसतो. ती म्हणते, बाबा, तुम्हीही अँटेना लावा आणि उरलेलं ऑनलाइन बघा. घरात ८१ वर्षांची आई आहे, तिला सह्याद्री आणि संध्याकाळच्या मालिका लागतात. मला बातम्या आणि क्रिकेट. केबल पूर्ण बंद करता येईल का?"

गुरुजी, करता येईल. पण मुलगी म्हणते त्या अँटेनाने नाही, आणि उद्याच्या उद्या नाही.

मी १९९७ पासून या धंद्यात आहे. आधी केबलच्या वायरी ओढल्या, मग डिश लावल्या, आता फायबर जोडतो. म्हणजे जे तुम्ही बंद करायला निघालात त्यावर माझी पहिली बारा वर्षं भाकरी चालली, हे आधीच सांगून ठेवतो. तरी सल्ला सरळच देईन.

मुलीचं खोटं नाही. अमेरिकेत एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस यांची स्थानिक केंद्रं आजही जमिनीवरच्या टॉवरवरून फुकट प्रक्षेपण करतात. १२ जून २००९ ला तिथल्या मोठ्या केंद्रांनी जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं, पण त्याच्या जागी डिजिटल चालू ठेवलं. न्यू जर्सीच्या बऱ्याच भागात न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून सिग्नल येतो, त्यामुळे खिडकीतला पातळ अँटेनासुद्धा पुरतो.

आपल्याकडे गोष्ट वेगळी झाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढची वीस वर्षं गच्चीवरच्या ॲल्युमिनियमच्या काड्यांवर आपण तेच पाहिलं. खासगी चॅनेलना जमिनीवरून प्रक्षेपण करायची परवानगी आपल्या देशात कधी मिळालीच नाही. ते पहिल्यापासून उपग्रहावरून उतरले आणि केबलने घरात आले. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर प्रसार भारतीने, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च २०२२ अखेर मोक्याच्या जागचे पन्नासेक सोडून बाकीचे उतरवायचे, असं त्यांनी २०२१ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं होतं. तेव्हा मुलीने तिकडून अँटेना पाठवला तरी वाईत तो पकडणार काय? त्या काड्या भंगारवाल्याने कधीच्या नेल्या.

मुलीच्या अँटेनाचं काम आपल्याकडे करते ती डीडी फ्री डिशची छत्री. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ही सेवा सुरू झाली. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं शून्य. रिचार्ज नाही, कार्ड नाही, केवायसी नाही.

आता फुकट म्हणजे काय काय मिळतं, हे नीट समजून घ्या, कारण भांडणं इथेच होतात. दूरदर्शनचे सगळे चॅनेल येतात, त्यात सह्याद्री आली. बातम्यांचे बरेच चॅनेल, हिंदी सिनेमे, गाणी, भक्ती, आणि शिक्षणाचे सरकारी चॅनेल मिळतात. पण स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी हे पैशांचे चॅनेल, ते इथे नाहीत. फ्री डिशवर खासगी चॅनेलना जागा प्रसार भारती लिलावाने विकते, आणि लिलाव झाला की यादी हलते. आज दिसणारं एखादं मराठी चॅनेल पुढच्या एप्रिलात गायब होऊ शकतं. म्हणून दुकानदाराने दाखवलेल्या यादीवर विसंबून डिश घेऊ नका. सह्याद्री आणि बातम्या धरून चाला, बाकी वरकमाई समजा.

क्रिकेटचं एक गमतीचं आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. २००७ चा कायदा असा की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल हक्क विकत घेणाऱ्या कंपनीने प्रसार भारतीला द्यायचा. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा सिग्नल फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचा, खासगी केबल-डीटीएचवर जाणाऱ्या दूरदर्शनवर नाही. परिणाम असा, की महिन्याला ४८० रुपये भरणाऱ्या तुमच्या केबलवर दूरदर्शन लावलं तर सामन्याच्या वेळी भलताच कार्यक्रम लागतो, आणि शेजारच्या वाडीतल्या फुकटच्या छत्रीवर भारत-ऑस्ट्रेलिया चालू असतो. आयपीएल मात्र यात येत नाही, त्याला पैसे मोजावेच लागतील.

आता हिशेब. तुम्ही ४८० रुपये कशाचे भरता, हे बिल उलटून पाहिलंत का? ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१७ साली जे नियम केले आणि फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले, त्यानुसार बिलाचे दोन भाग असतात. एक नेटवर्कचं भाडं, दुसरा चॅनेलची किंमत. नेटवर्कच्या भाड्याची कमाल मर्यादा १३० रुपये होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती उठवली, म्हणून तुमच्याकडे आकडा थोडा वेगळा असेल. पण १३० धरले तर १८ टक्के जीएसटीसह १५३ रुपये ४० पैसे होतात. उरलेले सव्वातीनशे रुपये पॅकचे. त्या पॅकमध्ये तमिळ सिनेमे, मुलांची कार्टून, इंग्रजी खेळ असं बरंच काही असतं, आणि तुमच्या घरात त्यातलं कुणी काही बघत नाही.

चॅनेल सुटे घेता येतात. हा तुमचा हक्क आहे, केबलवाला कितीही "सर, पॅकच स्वस्त पडतं" म्हणाला तरी. पॅकमध्ये घालायच्या कुठल्याही चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही. आईंना लागणारे तीन मराठी चॅनेल अगदी १९-१९ चे धरले तरी ५७ रुपये, जीएसटीसह ६७ रुपये २६ पैसे. भाडं मिळवून २२० रुपये ६६ पैसे. म्हणजे छतावर न चढता, एक खिळा न ठोकता, ४८० चे २२० होतात. वर्षाला तीन हजारांच्या वर बचत.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय. ज्या घरात इंटरनेट नाही, त्या घराला मी केबल तोडायला सांगतच नाही. ३० एमबीपीएसचं साधं कनेक्शन ३९९ रुपये अधिक जीएसटी धरलं तर ४७० रुपये ८२ पैशांना पडतं. केबलचे २२० वाचवायला ४७० चं इंटरनेट घ्यायचं आणि वर ॲपचे पैसे भरायचे, याला काटकसर म्हणत नाहीत. तुमच्याकडे मुलाच्या कामासाठी फायबर आलेलंच आहे, म्हणून तुमचा हिशेब जुळतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोजच्या दोन जीबीत एक सिनेमा पुरा होत नाही.

तर वही. पंधरा दिवस टीव्हीशेजारी एक शंभर पानी वही आणि पेन ठेवा. जो टीव्ही लावेल त्याने वेळ, चॅनेल आणि नाव लिहायचं. चोरून बघितलेलंही लिहायचं. मी ज्या ज्या घरांत हे करायला लावलं, तिथे दीडशे चॅनेलांपैकी सहा ते आठच निघाले. आणि दर वेळी एक तरी अनपेक्षित गोष्ट निघते. एका घरात आजोबा दुपारी तीन ते चार न चुकता शेतीचा कार्यक्रम बघायचे, घरातल्या कुणालाच पत्ता नव्हता.

ही वही मी का मागतो, ते सांगतो. २०१९ साली एका ओळखीच्या घरी मी सगळं एका दिवसात उरकलं. सकाळी डिश, दुपारी टीव्हीला ॲप चालवणारी स्टिक, संध्याकाळी केबलचा बॉक्स काढून दिला. मुलगा खूश. चौथ्या दिवशी तिथल्या आजी संध्याकाळी सात वाजता शेजारणीकडे जाऊन बसलेल्या दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडं टीव्ही बिघडलाय." टीव्ही बिघडला नव्हता. त्यांना पाच बटणं दाबून मालिका शोधायची नव्हती, एवढंच. मी माझ्या पैशांनी दुसऱ्या दिवशी बॉक्स परत जोडला. तेव्हापासून केबल शेवटी तोडतो. नवीन सगळं लागल्यावर पूर्ण एक महिना दोन्ही शेजारी शेजारी चालू द्यायचं.

आता डिश. तुमच्या वाईला डोंगरांचा वेढा, आणि तुम्हाला भीती वाटणार की पांडवगडाआड सिग्नल अडेल. जुन्या अँटेनाला ती अडचण होती. उपग्रहाला नाही. फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, ३६ हजार किलोमीटर उंच आहे. वाईतून तो आग्नेयेला, कंपासवर साधारण १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर येतो. म्हणजे डोंगर तर सोडाच, शेजारची दुमजली इमारतही सहसा आड येत नाही. आड येतं ते झाड. सोपा हिशेब असा: झाड डिशपेक्षा जितकं उंच, त्याच्या ०.६ पट तरी ते लांब हवं. दहा मीटर उंच आंबा असेल तर डिशपासून सहा मीटर. पण आंबा वाढतो. एप्रिलमध्ये छाटलेल्या झाडाखाली लावलेली डिश सप्टेंबरात बंद पडते आणि शिव्या मी खातो.

बरेच जण डिशकडे बघून म्हणतात, "ही तर समोर बघतेय, वर कुठे?" आपल्याकडच्या छोट्या डिशा ऑफसेट असतात. त्यांचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, मधोमध नसून खालून पुढे आलेला असतो. त्यामुळे डिश दिसते त्याहून पंचवीसेक अंश वरचं बघत असते. डोळ्याने अंदाज घेऊन ती आणखी आडवी करू नका. आणि आग्नेय म्हटल्यावर वास्तूचा प्रश्न येतोच, म्हणून सांगतो: डिशचं तोंड आग्नेयेला हवं. ती घराच्या कुठल्या कोपऱ्यात बसवली याच्याशी उपग्रहाला देणंघेणं नाही.

लावणाऱ्याकडून तीन गोष्टी तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या. पहिली, खांब ओळंब्यात आहे का ते ओळंबा लावूनच बघायला सांगा. खांब तिरका असेल तर ब्रॅकेटवरचे अंशांचे आकडे खोटे बोलतात, आणि मग माणूस तासभर डिश हलवत बसतो. दुसरी, बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या येतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी डिश भलतीकडे असली तरी भरलेली दिसू शकते. बघायची ती क्वालिटी. ९५ अंशांवर दुसऱ्या सेवेचा उपग्रह अगदी शेजारी आहे, त्यामुळे दीड अंशाची चूक झाली की सिग्नल दिसतो पण चॅनेल येत नाहीत. क्वालिटी आली की एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवून ती आणखी वाढवायची, मग नट आवळायचे. आवळताना डिश सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा बघायचं. हे शेवटचं दहातले आठ जण करत नाहीत.

तिसरी गोष्ट वायर. आरजी-६ चीच घ्या, आणि एलएनबीच्या जोडाजवळ वायर खाली झुकवून मग वर वळवायला सांगा, म्हणजे पाणी जोडात न जाता वळणावरून खाली टपकेल. कुलकर्ण्यांच्या गच्चीवरून काढून आणलेली जुनी काळवंडलेली वायर चालते का, असं कुणी विचारतं. नाही चालत. पावसाळ्यातल्या माझ्या निम्म्या तक्रारी त्या एका जोडात शिरलेल्या पाण्याच्या असतात. जोरदार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं मात्र चालायचंच. हा सिग्नल पाण्याच्या थेंबांत विरतो, त्याला इलाज नाही.

घरावर आधीच एखाद्या डीटीएचची बंद पडलेली डिश असेल तर ती फेकू नका. साठ सेंटिमीटरची, न वाकलेली असली तर तीच फिरवून वापरता येते, फक्त एलएनबी तपासायचा. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चा, म्हणजे नव्या पद्धतीचं चित्र उलगडणारा, घ्या. जुना एमपीईजी-२ बॉक्स दोनशे रुपयांनी स्वस्त मिळेल, पण बरेच चॅनेल त्यावर उमटतच नाहीत. सगळं मिळून, मजुरीसह, दीड ते अडीच हजारांत काम व्हायला हवं.

ऑनलाइनकडे येऊ. प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. तिन्ही एकदम घेतलीत तर केबलपेक्षा जास्त खर्च होईल. वहीत ज्याची पानं जास्त भरली असतील ते एक घ्या. मराठी बातम्यांना पैसे लागतच नाहीत, एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी यूट्यूबवर चोवीस तास चालू असतात. प्रसार भारतीचंही वेव्ह्‌ज नावाचं ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं.

प्लॅन घेताना एक फसगत हमखास होते. मोबाईलच्या रिचार्जबरोबर "फुकट" मिळालेलं ॲप बऱ्याचदा फक्त मोबाईलपुरतं असतं. टीव्हीवर लावलं की "प्लॅन वाढवा" असा संदेश. म्हणून प्लॅनमध्ये टीव्ही लिहिलंय का, एका वेळी किती पडद्यांवर चालतं, हे आधी वाचा. दुसरं, पैसे भरताना यूपीआयचं ऑटोपे मंजूर झालेलं असतं. ज्या दिवशी वर्गणी भराल त्याच दिवशी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ते ऑटोपे रद्द करा. वर्गणी मुदत संपेपर्यंत चालूच राहते. आयपीएल संपल्यावर आपण ॲप विसरतो, बँक विसरत नाही.

टीव्ही जुना असेल किंवा त्यातली ॲप रडत-खडत चालत असतील तर नवा टीव्ही घेऊ नका, स्टिक घ्या. आणि चित्र गोल गोल फिरून अडकत असेल तर लगेच मोठा प्लॅन घ्यायला धावू नका. एचडीला ५ एमबीपीएस पुरतात. साधा प्लॅनही ३० चा असतो. अडचण राउटरच्या जागेची असते. लोक तो लोखंडी कपाटावर नाहीतर टीव्हीच्या पाठीमागे दडवतात. वाड्याच्या जाड भिंती असतील तर राउटरपासून टीव्हीपर्यंत एक लॅनची वायर टाका, कटकट कायमची संपेल. लाइट गेल्यावर फायबर बंद पडू नये म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडा. मुलगा घरून काम करतो म्हणजे तो बहुधा असेलच.

आता आईंचा रिमोट. माझ्या मते सगळ्या कामातला अवघड भाग हाच आहे. त्यांच्यासाठी टीव्ही सुरू झाला की थेट फ्री डिशचा बॉक्स आणि सह्याद्रीच लागली पाहिजे. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये चालू होताना कुठलं एचडीएमआय लागावं, ते ठरवता येतं. बॉक्सच्या रिमोटवर त्यांना लागणाऱ्या तीन बटणांवर लाल नेलपेंटचा ठिपका द्या आणि बाकीची बटणं चिकटपट्टीने झाका. मालिकेची वेळ झाली की ॲप लावून द्यायचं काम घरातल्या एकाने अंगावर घ्यायचं. महिनाभरात नातवाने किंवा तुम्ही ते रोज केलंत, तर केबल बंद करा. नाही जमलं, तर वर सांगितलेलं २२० रुपयांचं सुटं केबल आईंच्या खोलीतल्या टीव्हीला ठेवा, आणि पुढच्या खोलीत डिश आणि ॲप चालवा. मी स्वतःच्या घरी असंच केलंय. माझी आई ७९ ची आहे, आणि तिच्या खोलीत अजून केबलच आहे.

बंद करताना केबलवाल्याला लेखी कळवा, बॉक्स परत द्या, आणि परत दिल्याची पावती किंवा निदान बॉक्सच्या नंबरासकट व्हॉट्सॲपवर "मिळाला" एवढं उत्तर घ्या.

वही आजपासून सुरू करा, ॲपचं नंतर बघता येईल. डिश मात्र मृग लागायच्या आत बसवून घ्या. वाईच्या पावसात शेवाळलेल्या गच्चीवर मी कुणाला चढवत नाही, आणि आता स्वतःही चढत नाही.